भिंतीचा पोपडा आणि सहा बाटल्या

ताई, माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे, वजन ११ किलो. घरच्या दोन म्हशी, त्यामुळे दुधाला तोटा नाही. सकाळी उठल्या उठल्या एक बाटली, अकराला एक, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी एक, रात्री झोपताना एक आणि रात्री उठून रडला की आणखी एक. बाटली २०० मिलीची. जेवायला मात्र नको म्हणतो. दोन घास भात, एखादं बिस्किट, की झालं. पाणी तर तोंडालाच लावत नाही. शी चार-पाच दिवसांनी होते, दगडासारखी. मागच्या महिन्यात दोनदा रक्ताचा थेंब दिसला. शी लागली की दाराआड जाऊन उभा राहतो, टाचा उचलून, पाय आवळून, लालबुंद होऊन कुंथतो, पण होत नाही. मध्येच दोन दिवस चड्डीला पातळ डाग लागत होते. सासूबाई म्हणाल्या, पोट बिघडलंय, दूधभातच दे. सव्वा वर्षापर्यंत अंगावर पीत होता तेव्हा काहीच त्रास नव्हता. सासूबाई विड्याच्या पानाचा देठ लावतात, आता एरंडेल द्यायचं म्हणतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, पाणी कमी पडतंय. दूध कमी करू म्हटलं तर घरात सगळ्यांना वाटतं मी पोराला उपाशी ठेवतेय. काय करू?

ता. क. हल्ली भिंतीचे पोपडे काढून खातो. ओरडून पाहिलं, ऐकत नाही. ते वेगळंच.

— एक आई, सांगली जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रातला ताजा कलम मी तीनदा वाचला. तुम्ही तो "वेगळंच" म्हणून सोडून दिलात, पण पोपडे, दगडासारखी शी आणि जेवणाचा कंटाळा ही एकाच घरातली तीन भावंडं आहेत. माती, खडू, पोपडे, कोळसा असलं काहीबाही खाणारं मूल दिसलं की बालरोगतज्ज्ञ आधी त्याच्या पापण्या आणि तळहात बघतात, कारण अंगात लोह कमी पडलं की मुलांना अशा खोडी लागतात. त्याला ओरडू नका. तो हट्ट करत नाहीये. आणि भिंतीचा रंग जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं, तेव्हा त्याचा हात पोचतो तिथली भिंत आधी ओली करून, मग पोपडे काढून साफ करून घ्या, कोरडी खरवडू नका. हे काम याच आठवड्यात. धूळ उडेल, त्या वेळी पोराला तिथे ठेवू नका.

आता हिशेब करू. म्हशीच्या १०० मिली दुधात १०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा असते. सहा बाटल्या म्हणजे १२०० मिली, म्हणजे १२०० किलोकॅलरी. या वयाच्या, ११-१२ किलोच्या मुलाला दिवसभरात हजार-अकराशे लागतात. म्हणजे तुमच्या मुलाचा सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चार वाजताचं खाणं आणि रात्रीचं जेवण, सगळं बाटलीतूनच होतंय, वर थोडं शिल्लकही राहतंय. त्याला भूक लागणार कुठून? तुम्ही घास घेऊन त्याच्या मागे पळता आणि तो पळतो, यात त्याची काही चूक नाही. आपण पोटभर जेवून उठलो आणि कोणी पुन्हा पान वाढलं तर आपणही तोंड फिरवू.

या १२०० मिलीत नसतं काय? एक, लोह. त्याला रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लागतं आणि दुधात ते नावापुरतंच असतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं, जेवणात जे थोडंफार लोह येतं तेही नीट शोषू देत नाहीत. दोन, चोथा. दुधात तो शून्य. आतड्यात पुढे सरकायला काही वजन-आकारमान लागतं, ते दुधातून मिळत नाही. जे थोडं उरतं ते सावकाश सरकतं आणि मोठं आतडं त्यातलं पाणी शोषून घेत राहतं. जितके दिवस जास्त, तितकी शी कडक. तुम्ही पत्रात लिहिलंच आहे, सव्वा वर्षापर्यंत त्रास नव्हता. अंगावरचं सुटलं, म्हशीचं सुरू झालं, बाटली हातात आली आणि गाडी अडली. हा क्रम मला एका अर्थी दिलासा देणारा वाटतो, कारण जन्मापासूनचा दोष असता तर त्रास फार आधी दिसला असता.

अशी मुलं थोडी नाहीत, हेही सांगते, म्हणजे तुम्ही स्वतःला दोष देत बसणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. त्यात खाऊनपिऊन सुखी घरांतली मुलंही असतात. घरात दूधदुभतं भरपूर म्हणजे पोराचं रक्त भरपूर, असं होत नाही.

आता दाराआडचा प्रकार. तुम्ही म्हणता, तो कुंथतो पण होत नाही. माझा अंदाज नेमका उलटा आहे. तो शी बाहेर ढकलत नाहीये, आत धरून ठेवतोय. जोर करणारं मूल गुडघे वाकवतं, बसतं, पुढे झुकतं. टाचा उचलून, पाय एकमेकांवर दाबून, अंग ताठ करून, सगळ्यांपासून लपून जे उभं राहतं, ते शी परत वर ढकलत असतं. कधीतरी कडक शी होताना त्याला चीर गेली, रक्त आलं, आग झाली. दोन वर्षांच्या डोक्यानं त्यातून सरळ अर्थ काढला, की शी म्हणजे दुखणं. म्हणून लागली की तो धरतो. धरली की ती आणखी सुकते, आणखी मोठी होते, आणि पाच दिवसांनी निघते तेव्हा खरंच पहिल्यापेक्षा जास्त दुखते. त्याची भीती दर वेळी खरी ठरते.

आणि ते चड्डीचे पातळ डाग? ते बहुधा जुलाब नव्हते. आत गोळा अडकलेला असतो आणि वरची पातळ शी त्याच्या कडेनं झिरपते. आजींना वाटलं पोट सुटलंय, म्हणून त्यांनी दूधभात दिला. त्यांच्या जागी मी असते, या विषयातलं काही वाचलेलं नसतं, तर मीही तेच केलं असतं. पण त्यानं बंध आणखी घट्ट झाला.

म्हणून पहिली पायरी स्वयंपाकघरात नाही, डॉक्टरांकडे आहे. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ते पोटावर हात ठेवून गोळा लागतोय का बघतील, चीर बघतील, हिमोग्लोबिन तपासतील. गोळा असेल तर तो आधी मोकळा करावा लागतो. तो तसाच ठेवून वरून पेरू, पपई, मनुका भरत राहिलात तर तुंबलेल्या मोरीत आणखी पाणी ओतल्यासारखं होईल, पोर नुसतं पोटदुखीनं कळवळेल.

डॉक्टर बहुधा लॅक्टुलोजचं पातळ औषध किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतील. सुरुवातीचे काही दिवस जास्त, मग रोजचा ठरावीक डोस. मात्रा वजनावर ठरते, ती त्यांनाच ठरवू द्या. इथे घरात एक वाक्य हमखास ऐकू येईल: "सवय लागेल." नाही लागत. ही औषधं आतड्याला चाबूक मारत नाहीत, शीमध्ये पाणी धरून ठेवतात, एवढंच. खरी गडबड वेगळीच होते. आठवड्याभरात शी मऊ होते, आई खूश होते, बाटली कपाटात जाते आणि पंधरा दिवसांत पुन्हा दगड. औषध निदान दोन महिने चालू राहायला हवं. बऱ्याच मुलांना सहा महिने लागतात, आणि थांबवायचं तेही हळूहळू, डॉक्टरांना विचारून. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला वेळ लागतो. आणि पोराच्या डोक्यातली भीती जायला त्याहून जास्त.

देठाबद्दल. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावणं, साबणाची कांडी सरकवणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मीही त्यातून गेलेली आहे, आमच्या आजीचा देठ अजून आठवतो, आणि नेमका तोच मुद्दा आहे: आठवतो! देठानं त्या दिवशी शी होते, हे खोटं नाही. पण जिथे चीर आहे तिथेच आपण टोचतो, आणि पोराची खात्री होते की त्या जागेला हात लागला की दुखतं. पुढच्या वेळी तो दाराआड आणखी खोल जाईल. साबण तर आतली त्वचा जाळतो. एरंडेलानं पोटात मुरडा येतो, आणि रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून ते पाजताना श्वासनलिकेत गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. तेव्हा देठ, साबण, एरंडेल, सगळं बंद. इसबगोलही स्वतःच्या मनानं नको. कमी पाण्यात ते फुगून घशात अडकू शकतं.

वहिनींचं पाण्याचं म्हणणं बघू. ते सगळेच म्हणतात, आणि इथे ते लागू पडत नाही. ११ किलोच्या मुलाला दिवसभरात सगळं मिळून साधारण १०५० मिली द्रव लागतं. पहिल्या १० किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या प्रत्येक किलोला ५०, असा डॉक्टरांचा ठोकताळा असतो. त्यात दूध, आमटी, फळं सगळं धरायचं. तुमचा मुलगा १२०० मिली दूध पितो, त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणीच. म्हणजे आज तरी त्याला पाणी कमी पडत नाहीये, म्हणूनच तो पाण्याकडे बघत नाही. गरजेपेक्षा जास्त पाणी पाजून शी मऊ होत नाही, ते लघवीवाटे जातं. पण दूध कमी कराल त्या दिवसापासून वहिनी बरोबर ठरतील! सहाऐवजी दोन पेले दूध झालं की जाणारं पाणी दुसरीकडून आलं पाहिजे. रोज चारशे-पाचशे मिली, म्हणजे साधं पाणी, पातळ ताक, वरणावरचं पाणी, कधी शहाळं. उन्हाळ्यात याहून जास्त. बाजारातला डब्यातला रस यात धरू नका, आणि चहाही नाही. चहातलं टॅनिन लोह अडवतं, त्यामुळे बशीतला तो दोन घोट चहासुद्धा थांबवा.

दूध किती? दिवसाला ४०० मिली. फार तर ५००. सासूबाईंना हे सांगताना "दूध बंद" असा शब्द काढू नका, घर पेटेल. त्यांना कॅल्शियमचा हिशेब सांगा. या वयाला रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि म्हशीच्या ४०० मिली दुधात त्यातलं जवळजवळ सगळं येतं. उरलेलं नाचणीच्या भाकरीतून सहज भागतं. म्हणजे हाडांसाठी दोन पेले पुरतात. पुढच्या चार बाटल्या हाडांसाठी नव्हत्या, गप्प बसवण्यासाठी होत्या. (हे शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवू नका.) आणि घरचं दूध वाया जातंय असं त्यांना वाटू नये, म्हणून त्याचं विरजण लावायला त्यांनाच सांगा. ताक घुसळणं, लोणी काढणं, नातवाच्या भाकरीवर ते लोणी ठेवणं हे सगळं त्यांच्या हातात द्या. आजीला काम मिळालं की विरोध निम्मा होतो. घट्ट दही मात्र दुधाच्या हिशेबात धरा. वाटीभर दही दिलं तर त्या दिवशी दूध तेवढं कमी.

बाटल्या एकदम सहाच्या दोन करायच्या नाहीत. आधी अकराची काढा, कारण ती दुपारचं जेवण मारते. तीन-चार दिवसांनी संध्याकाळची. मग दुपारी झोपतानाची. तोवर त्याला जेवायची थोडी भूक लागायला लागेल, पहिले दोन-तीन दिवस चिडचिड होईल, ती धरून चला. राहिलेलं दूध पेल्यात, आणि जेवणाआधी कधीच नाही, जेवल्यावर. बाटली ही वस्तूच घरातून जायला हवी. ती दातही खराब करते. स्टीलचा छोटा पेला त्याच्यासाठी वेगळा घ्या, सांडू द्या. दुधात घालायची ती चॉकलेटची पावडर असेल तर तीही थांबवा.

जेवणात काय? फार मोठा बेत नको. या वयाला ७ ग्रॅमच्या आसपास चोथा पुरतो (वय अधिक ५, असा हिशेब). ३० ग्रॅम पिठाच्या लहानशा ज्वारीच्या भाकरीत ३ ग्रॅम येतो, पिकलेल्या अर्ध्या पेरूत ४. झालं! एवढंच? हो, एवढंच. पण भाकरी दुधात कुस्करायची नाही. मुगाच्या आमटीत, मटकीच्या उसळीच्या रश्शात, पालकाच्या पातळ भाजीत कुस्करा, वर लिंबू पिळा. लिंबामुळे डाळीतलं, पाल्यातलं लोह अंगी लागतं. पेरूही तेच काम करतो, त्यामुळे तो जेवणासोबतच द्या. बारीक कापून, बसवून, आपल्या डोळ्यांसमोर. लाल भोपळ्याचे घारगे, उकडलेलं रताळं, पपई यातलं त्याला जे रुचेल ते. आठ-दहा काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी त्याच पाण्यात चुरून दिल्या तरी चालतील, अख्ख्या मात्र नाही. बाजारातलं नाचणीसत्त्व चाळून चाळून इतकं मऊ केलेलं असतं की चोथा उरतच नाही, त्यापेक्षा नाचणीची भाकरी बरी. घरात अंडं, मासे, मटण चालत असेल तर लोहासाठी मटणाच्या किंवा कलेजीच्या दोन तुकड्यांना तोड नाही. बिस्किटांचा पुडा त्याला दिसेल अशा जागी ठेवू नका. तो दिसतो म्हणून मागतो.

लोहाबद्दल. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टर उपचाराचा डोस देतील, तो तीन महिने तरी चालेल. ते औषध दुधासोबत द्यायचं नाही, लिंबूपाण्यासोबत द्या. शी काळी दिसेल, घाबरू नका. "लोहानं शी आणखी कडक होईल" म्हणून घरातलं कोणी ते थांबवेल, थांबवू देऊ नका. शी मऊ ठेवायचं औषध सोबत चालू आहेच. कमी निघालं नाही तरी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी लोह-फॉलिक आम्लाचं पातळ औषध मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. ते घेताय का, हे पत्रात नाही. विचारून घ्या. जंताची गोळी कधी दिली तेही बघा. अंगणवाडीत ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात.

शीला बसवण्याची सक्ती आता मुळीच नको. "मोठा झालास, संडासात जा" हे वाक्य काही महिने घरात कोणी उच्चारू नये. चड्डीत झाली, दाराआड झाली, लंगोटात झाली, काहीही चालेल. झाली, मऊ झाली, दुखली नाही, हे तीन वेळा, दहा वेळा, वीस वेळा घडू द्या. मग कधीतरी, जेवण झाल्यावर, पाच मिनिटं, दोन बुटक्या पाटांवर पाय टेकवून उकिडवा बसवा. जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, तो वेळ साधायचा. नाही झाली तर उठवा, चेहरा पाडायचा नाही.

डॉक्टरांना काही गोष्टी मुद्दाम सांगा. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांत झाली होती का? वजन वाढायचं थांबलंय का? पोट फुगून टणक राहतं का, हिरवट उलटी होते का, पायांत जोर कमी वाटतो का, चीर नसतानाही रक्त येतं का? यातलं एकही "हो" असेल तर थांबायचं नाही. आणि औषध, जेवण सगळं महिना-दोन महिने नीट करूनही शी अडलेलीच राहिली, तर ते दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून बघायला सांगतील, कारण काही मुलांना दुधातल्या प्रथिनांचंच वावडं असतं. ते त्यांनी सांगितल्यावर. आपल्या मनानं नाही.

घरातल्या कॅलेंडरवर रोज एक खूण करा, शी झाली की टिंब, दुखून झाली की फुली. डॉक्टरांना तोंडी "बरं आहे" सांगण्यापेक्षा त्यांच्यासमोर ते पान ठेवा. औषध कमी करायचं की नाही, ते त्यावरूनच ठरेल.

रात्रीच्या बाटलीचं शेवटी ठेवलंय, कारण ती सगळ्यात अवघड. दिवसाच्या तीन सुटल्या की तिच्याकडे वळा. रात्री उठून मागेल तेव्हा बाटलीत दूध थोडं, पाणी जास्त, असं दर दोन दिवसांनी पातळ करत जा. आठवड्याभरात नुसतं पाणी राहील. पाण्यासाठी उठणं मुलं हळूहळू सोडून देतात. त्या आठवड्यात नवऱ्याला शेजारी झोपवा. दूध म्हटलं की त्याला तुम्ही आठवता, बाबा नाहीत.